हिरवी थाई करी : इथे नारळाचं दूध फुटायलाच हवं

कोकणात नारळाचं दूध घातलं की रस्सा खळखळून उकळू देत नाहीत, कारण दूध फुटलं की रस्सा बिघडला. थायलंडच्या हिरव्या करीची सुरुवातच मुळी दूध फोडून होते. घरची करी पाणचट झाली, तिला कच्च्या लसणाचा वास आला, तर बहुतेक वेळा हीच पायरी गाळलेली असते.

नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब असतात आणि त्यांच्याभोवती प्रथिनांचं आवरण, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. तापमान साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ही प्रथिनं गोठतात, आवरण मोडतं, पाणी उडत जातं आणि तेल सुटतं. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान 100 अंशांच्या आसपासच अडकतं, म्हणजे वाटण नुसतं उकडतं. ते परतायचं तर पाणी जायला हवं. शिवाय गवती चहाला लिंबासारखा वास देणारं सिट्राल आणि मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज उतरतं.

चार जणांसाठी 200 मिली घट्ट, पहिलं दूध पसरट कढईत मध्यम आचेवर 8-10 मिनिटं आटवा. कडेला तेलाचे मणी दिसू लागतात आणि रटरट थांबून चुरचुर ऐकू येते. घड्याळापेक्षा या आवाजावर विसंबावं. मग 3 मोठे चमचे वाटण घालून, कच्चा वास जाईपर्यंत 4-5 मिनिटं परता. डब्यातल्या दुधात बरेचदा इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) आणि दाटपणासाठी गवार गम असतो. ते दूध कितीही आटवलं तरी फुटत नाही. अशा वेळी सरळ 2 चमचे खोबरेल तेल घ्यावं आणि वाटण त्यावर परतावं.

वाटणाला 15 हिरव्या मिरच्या, गवती चहाच्या 2 काड्यांचा खालचा पांढरा भाग, 2 सेंटिमीटर कुलंजन (गलांगल, आल्यासारखा कंद), 6 लसूण पाकळ्या, 4 छोटे कांदे, कोथिंबिरीची मुळं, 1 चमचा भाजलेले धने, अर्धा चमचा जिरं, थोडी पांढरी मिरी, अर्धा चमचा मीठ आणि मकरूट लिंबाची (खडबडीत सालीचं, सुवासिक पानांचं थाई लिंबू) किसलेली साल. शिवाय 1 चमचा कापी, म्हणजे बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा. नसेल तर भाजलेल्या सुक्या जवळ्याची पूड बरीच जवळ जाते. गवती चहाचे तंतू उभे असतात, म्हणून तो आडवा, अगदी पातळ चिरावा, नाहीतर मिक्सर हरतो आणि दातात काड्या येतात. खलबत्ता सर्वात चांगला. मिक्सर वापरला तर पाण्याऐवजी चमचाभर नारळाचं दूध घाला. पाणी जितकं जास्त, तितकं परतणं लांबतं.

आता हिरव्या रंगाचं. उष्णता आणि आंबटपणा मिळून हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकून लावतात आणि रंग मळकट शेवाळी होतो. म्हणून शिजताना लिंबू पिळू नये, झाकण ठेवू नये. सोड्याने रंग टिकतो खरा, पण चव साबणासारखी होते. त्यापेक्षा मूठभर कोथिंबीर वाटून शेवटच्या मिनिटाला घालावी. तरीही करी फिकी, दुधाळ हिरवीच दिसते. तशीच असायला हवी. गडद पोपटी दिसली तर रंग घातलाय समजा.

पुढचं काम सोपं. चिकनच्या मांडीचे 400 ग्रॅम बोनलेस तुकडे वाटणात परता, 300 मिली पातळ दूध, 1 मोठा चमचा फिश सॉस, 1 चमचा ताडगूळ आणि हाताने फाडलेली मकरूट लिंबाची 4 पानं घाला. मंद आचेवर 10-12 मिनिटं पुरतात. अर्ध्या वाटेत लहान हिरवी वांगी चार फोडी करून टाका; चिरल्यावर काळी पडतात म्हणून तोवर मिठाच्या पाण्यात ठेवा. फिश सॉस आणि कापी दोन्ही खारट, तेव्हा वरचं मीठ चव घेऊनच.

गॅस बंद केल्यावर थाई बेसिलची पानं. इथे तुळस चालत नाही, तिचा लवंगेसारखा वास करीवर स्वार होतो. सब्जाच्या झाडाची पानं मात्र चालतात. सब्जा आणि थाई बेसिल एकाच जातीचे, आणि थाई बेसिलसारखा बडीशेपेचा वास असलेलं झाड मिळालं तर उत्तमच. थायलंडमध्ये ही करी भाताशी खातात, तशीच खनोम चीन या तांदळाच्या शेवयांवर ओतूनही.