दाटणीतले सोयाबीन, कायनेज आणि फायटोक्रोमचा जुना वाद : पार्श्वभूमी

लातूर, परभणी, हिंगोली पट्ट्यात दाट पेरलेल्या सोयाबीनचे तास ऑगस्टमध्ये एकमेकांना भिडतात. मग झाडे उंचीच्या मागे लागतात, दोन पेरांमधले अंतर वाढते, खोड बारीक राहते आणि जोराच्या पावसात पीक लोळते. आपण म्हणतो, सोयाबीन माजले, आणि खापर युरियावर फोडतो. खताचा दोष असतोही. पण शेजारच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडाचाही यात मोठा हात असतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. पाने तांबडा प्रकाश शोषतात, दूर-तांबडा (तांबड्यापलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) सोडून देतात. उघड्या उन्हात या दोहोंचे गुणोत्तर साधारण १.२ असते, दाट पानांखाली ते झपाट्याने घसरते. ही घसरण फायटोक्रोम हे झाडातले प्रकाश टिपणारे प्रथिन ओळखते. त्यानंतर वाढीची सूत्रे हलतात ती मुख्यतः प्रथिनांना फॉस्फेट जोडून, म्हणजे ते जोडणाऱ्या कायनेज प्रथिनांमार्फत. फायटोक्रोम स्वतःच असे कायनेज आहे का, हा तो जुना वाद.

तांबड्याचा परिणाम दूर-तांबड्याने पुसायचा, हा उलटसुलट खेळ १९५२ साली लेट्यूसच्या बियांत दिसला, आणि १९५९ मध्ये त्यामागचे रंगद्रव्य, म्हणजे फायटोक्रोम, उपकरणावर पकडले गेले. निळ्या प्रकाशाची बाजू त्या मानाने सरळ आहे. निळा प्रकाश पडताच वाटाण्याच्या कोंबातल्या एका प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते, हे १९८८ मध्ये कळले. १९९७ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात त्याच्याशी जुळणाऱ्या प्रथिनाचे जनुक सापडले, आणि पुढच्याच वर्षी सिद्ध झाले की प्रकाश टिपणारे आणि फॉस्फेट जोडणारे प्रथिन एकच. तेच फोटोट्रॉपिन. कोंब उजेडाकडे वळणे, पर्णरंध्रे उघडणे, कडक उन्हात हरितलवकांनी पेशीच्या कडेला सरकणे, या सगळ्यात त्याचा हात आहे. त्याच्या कायनेज असण्यावर वाद नाही.

वाद आहे तो फायटोक्रोमचा. अंधारात वाढवलेल्या ओटच्या कोंबांतून शुद्ध केलेल्या फायटोक्रोममध्ये १९८०च्या दशकात कायनेजची क्रिया दिसली. लगेच आक्षेप आला की ही क्रिया सोबत आलेल्या दुसऱ्या प्रथिनाची आहे. १९९७ मध्ये सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंतले फायटोक्रोम हिस्टिडीन कायनेज (स्वतःतल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडणारे) निघाले आणि पारडे फिरले. वनस्पतींच्या फायटोक्रोमचे शेपूट, म्हणजे रेणूचा मागचा भाग, हेही त्याच घडणीचे, मात्र नेमक्या जागचे हिस्टिडीन तिथे नाही. १९९८ मध्ये ओटचे फायटोक्रोम सेरीन-थ्रिओनीन प्रकारची (या दोन अमिनो आम्लांना फॉस्फेट जोडण्याची) क्रिया दाखवते असा दावा झाला. २००३ मध्ये शेपूट पूर्ण तोडून, त्याजागी दोन रेणूंची जोडी जमवणारा दुसरा तुकडा लावून फायटोक्रोम-बी (फायटोक्रोमचा एक प्रकार) केंद्रकात पाठवले, तर ते अख्ख्या रेणूपेक्षा जास्त तीव्रतेने काम करू लागले. अनेकांनी तिथेच कायनेजवर फुली मारली.

ही फुली घाईची होती. त्या प्रयोगाने शेपटाच्या कायनेजपणाला छेद दिला, अख्ख्या रेणूच्या नाही. २०१६ मध्ये क्रिया पुढच्या टोकाकडे असल्याचे दाखवले गेले. ती दुबळी केलेल्या रोपांत पीआयएफ-३ हे वाढीला चालना देणारे प्रथिन नष्ट व्हायला उशीर लागत होता. पण २०१७ मध्ये पीआयएफ-३ ला फॉस्फेट जोडणाऱ्या चार स्वतंत्र कायनेजांचे कुटुंब समोर आले, आणि ते फायटोक्रोम-बीला येऊन बिलगते. माझ्या मते जिवंत रोपात कामाचा मोठा भार या बाहेरच्या कायनेजांवरच असावा. ‘फायटोक्रोम हे कायनेज आहे’ असे एका ओळीत शिकवून मोकळे होणे मला पटत नाही.

शाळू पिकवणाऱ्या आपल्या भागाने यातला ज्वारीचा दाखला लक्षात ठेवावा. ज्वारीच्या एका उत्परिवर्तित वाणात फायटोक्रोम-बीचे जनुक मध्येच तुटलेले आहे, हे १९९७ मध्ये उघड झाले. प्रथिनाचा जोडी जमवणारा भागच बनत नाही, आणि झाड भर उन्हातही सावलीत असल्यासारखे उंच, सडपातळ वाढून लवकर फुलोऱ्यात येते. म्हणजे नुसते पुढचे टोक उरून भागत नाही. २००३ च्या प्रयोगात जोडी जमवणारा तुकडा मुद्दाम लावावा लागला तो याचसाठी. सोयाबीनच्या ई-३ आणि ई-४ या, पीक कधी पक्व होते ते ठरवणाऱ्या जनुकीय जागाही फायटोक्रोम-ए या दुसऱ्या प्रकाराचीच जनुके निघाली. दाटणीत न माजणारे वाण हवे असेल, तर निवड फायटोक्रोमवर थांबवायची की कायनेजांपर्यंत न्यायची, हे या वादाच्या निकालावर बऱ्याच अंशी ठरेल.