अरण्य वसाहत, इंदूर

मध्य प्रदेशातील इंदूर शहरात प्रामुख्याने अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांसाठी वसवलेली नियोजित वसाहत. इंदूर विकास प्राधिकरणाच्या या प्रकल्पाचा आराखडा १९८० च्या दशकात वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांच्या अहमदाबाद येथील वास्तुशिल्प फाउंडेशनने तयार केला. शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर, मुंबई–आग्रा मार्गाजवळच्या सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर ६,५०० च्या आसपास भूखंड आखण्यात आले.

आराखड्यापूर्वी इंदूरमधील झोपडपट्ट्यांची बारकाईने पाहणी झाली होती. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासगटाने त्या काळी येथे केलेल्या नोंदींत घरापुढचा ओटा, झाडाखालची बसण्याची जागा, घरातूनच चालणारे छोटे दुकान अशा गोष्टींची मोजमापे आढळतात. सरकारी गृहनिर्माणात ज्यांना सहसा अतिक्रमण म्हटले जाते, त्याच या गोष्टी. दोशींनी त्यांना नकाशातच जागा दिली, हे या वसाहतीचे खरे वेगळेपण होय.

घर आणि रस्ता यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची एक पट्टी राखलेली आहे. तिच्यात पायऱ्या, ओटा, सज्जा किंवा जिना बांधण्याची मुभा रहिवाशांना होती. जिना बाहेरून चढला की आतली जागा वाचते आणि पुढेमागे वरची खोली भाड्याने दिली, तरी भाडेकरूला खालच्या बिऱ्हाडातून ये-जा करावी लागत नाही. ओट्यावर बसून भाजी निवडणाऱ्या बाईची नजर गल्लीत खेळणाऱ्या मुलांवर राहते. कागदावर ही पट्टी नगण्य दिसते, पण शेजार घडतो तो बहुतांशी तिच्यावरच.

साधारणपणे दहा घरांचा एक गट, प्रत्येक घरामागे अंगण आणि दर वीस घरांसाठी एक सेप्टिक टँक अशी रचना आहे. वसाहतीचे सहा विभाग असून मध्यभागी बाजारपेठेचा पट्टा आहे. मोठे भूखंड कडेच्या रुंद रस्त्यांलगत, तर लहान भूखंड आतल्या अरुंद, वळत्या गल्ल्यांवर ठेवण्यात आले.

सर्वांत लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचा होता. लाभार्थीला तयार घर मिळत नसे. ऐपतीनुसार जोते, संडास व न्हाणीघर किंवा फार तर एखादी खोली मिळे आणि पुढचे बांधकाम हाती पैसा येईल तसे कुटुंबाने करायचे असे. नमुना म्हणून दोशींनी ८० घरे बांधून दाखवली. विटांच्या त्या घरांचे सज्जे आणि जिने एकमेकांसारखे नाहीत. मोठे भूखंड व व्यापारी जागा यांच्या विक्रीतून गरिबांच्या भूखंडांचा भार हलका करण्यात आला.

दोशींचा जन्म पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या एकत्र कुटुंबात झाला होता. माणसे वाढली की घरही वाढते, ही कल्पना त्यांना पुस्तकातून घ्यावी लागली नसावी.

अरण्यला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशींना वास्तुकलेतील प्रतिष्ठेचे प्रित्झ्कर पारितोषिक देताना परीक्षकांसमोरच्या त्यांच्या महत्त्वाच्या कामांत अरण्यचाही समावेश होता. त्या वेळी तेथील लोकसंख्या ८०,००० हून अधिक असल्याचे नमूद करण्यात आले. दरम्यानच्या काळात जमिनीचे भाव वाढत गेले आणि अनेक मूळ लाभार्थींनी आपले भूखंड विकले.