वाचनातील नेत्रगती

वाचताना ओळीवरून होणारी डोळ्यांची हालचाल. ती सलग नसते. नजर शब्दावर साधारण पाव सेकंद थांबते आणि झटकन पुढे उडी घेते. उडी चालू असताना नवे काही वाचले जात नाही. वाचन होते ते थांब्यांवर. पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास हे लक्षात आले.

दृष्टिपटलाच्या तीक्ष्ण दृष्टीच्या भागाने दिसणारा टापू जेमतेम दोन अंशांचा. त्यापलीकडचे अंधुक दिसते, पण वाया जात नाही. मानसशास्त्रज्ञ मॅकॉन्की आणि रेनर यांनी १९७५ मध्ये नजरेबरोबर सरकणाऱ्या खिडकीखेरीज बाकीची अक्षरे पडद्यावर बदलून टाकण्याची युक्ती वापरली. अशा प्रयोगांतून कळले, की इंग्रजी वाचक नजरेच्या डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरे उपयोगात आणतो. उर्दू वाचताना हा झुकाव डावीकडे जातो, आणि तोच माणूस इंग्रजी वाचू लागला की पुन्हा उजवीकडे येतो. म्हणजे हा झुकाव डोळ्यांच्या रचनेत नसून वाचनाच्या सवयीत आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे शेजारी-शेजारी राहतात त्या सोलापुरात दोन्ही दिशांनी वाचणारी माणसे घरोघर नसली, तरी दुर्मीळही नाहीत.

पुढची उडी कुठे पडावी हे मुख्यतः दृष्टी ठरवते: शब्दाची लांबी, शब्दांमधली मोकळी जागा. कधी निघावे, यावर भाषेचा जोर अधिक. नेहमीच्या, संदर्भाने अपेक्षित शब्दावर नजर कमी थांबते, कधी त्याला ओलांडूनच जाते. अनोळखी शब्दावर रेंगाळते. उडीच्या तयारीलाच दीड-दोन दशांश सेकंद लागत असल्याने शब्द पुरता उमगण्याआधी पुढची आखणी सुरू झालेली असते. या काळात लक्ष एकेका शब्दावर असते (नेत्रगतीचे ई-झेड रीडर प्रतिमान, १९९८) की एकाच वेळी अनेकांवर (स्विफ्ट हे दुसरे प्रतिमान), हा वाद मिटलेला नाही.

अर्थ फसला, की नजर मागे वळते. ‘त्यांनी रात्रीतच माग काढला आणि चोर अक्कलकोट रोडला सापडले’ हे वाक्य घ्या. यंत्रमागांच्या सोलापुरातील वाचकाच्या मनात आधी कापडाचा माग येण्याचा संभव मोठा. ‘चोर’ येताच त्याला परतावे लागेल. इंग्रजीत सुमारे दहा ते पंधरा टक्के उड्या अशा मागे जाणाऱ्या असतात. झटपट वाचन शिकवणारे वर्ग असे मागे वळण्याला वाईट सवय म्हणतात, ते चूक आहे. वाचून झालेले शब्द लगेच झाकून परतीची वाट बंद केली, तेव्हा वाचकांचे आकलन घटल्याचे २०१४ मधील प्रयोगात दिसले.