अडचण तुमची की जागेची? न्यू जर्सीतली दिव्यांची पाटी आणि ‘सी-वन’, ‘सी-टू’चा घोळ

न्यू जर्सीत गावाच्या जुन्या बाजारपेठेत, म्हणजे इथल्या भाषेत डाउनटाउनमध्ये, दुकान थाटणाऱ्या आपल्या माणसाला पहिला धक्का भाड्याचा बसतो आणि दुसरा पाटीचा. एडिसनच्या ओक ट्री रोडवर नाहीतर जर्सी सिटीच्या न्यूअर्क अव्हेन्यूवर चक्कर मारून आलेला माणूस तिथल्यासारखीच ठसठशीत पाटी मनात धरून असतो. साइनवाल्याकडून चित्र काढून घेतो, वर आगाऊ रक्कम देऊन मोकळा होतो. मग झोनिंग ऑफिसरचं, म्हणजे कोणत्या भागात काय आणि कसं बांधायचं हे गावाचे नियम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, पत्र येतं: अर्ज नामंजूर. पाटी मापापेक्षा मोठी आहे आणि आतून उजळणारी पेटी या भागात चालत नाही. शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, हवं तर व्हेरियन्ससाठी अर्ज करा.

व्हेरियन्स म्हणजे त्या एका जागेपुरती नियमातून मिळणारी सूट. इथपर्यंत सगळ्यांना कळतं, घोळ पुढे होतो. राज्याच्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये, म्हणजे गावातल्या जमिनीच्या वापराच्या कायद्यात, कलम ७० च्या ‘सी’ या पोटकलमात, सूट मागायच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. वकील आणि प्लॅनर, म्हणजे नगररचनेचे जाणकार, त्यांना ‘सी-वन’ आणि ‘सी-टू’ म्हणतात. सूट द्यायची की नाही हे ठरवणारं गावाचं बोर्ड तेच, सुनावणी तीच, फॉर्मही बहुतेक गावांत एकच. त्यामुळे लोकांना वाटतं, ही एकाच गोष्टीची दोन नावं असावीत. मग माइकसमोर उभं राहून दोन्हींचा काला होतो: थोडं स्वतःचं रडगाणं, थोडं गावाचं भलं. बोर्डाच्या हाती त्यातलं धड काहीच लागत नाही.

सी-वनचा एका शब्दात अर्थ सांगायचा तर ‘अडचण’. पण कायद्याने ही अडचण फार आवळून बांधली आहे. प्लॉट विलक्षण अरुंद, उथळ किंवा वेड्यावाकड्या आकाराचा असावा. किंवा उंचसखलपणासारखं त्या जागेचं एखादं वेगळं भौतिक वैशिष्ट्य असावं. किंवा त्या जागेची, नाहीतर तिथे कायदेशीरपणे आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीची, काही असाधारण परिस्थिती असावी. आणि त्यापायीच नियम जसाच्या तसा लावला तर जाच व्हावा. या यादीत जमीन आहे, इमारत आहे. दुकानदाराच्या परिस्थितीला तिथे जागा नाही.

हे गळी उतरवणं सगळ्यात कठीण जातं. ‘हार्डशिप’ हा शब्द कानावर पडला की माणूस आपली कहाणी सांगू लागतो. कर्ज काढलंय, पलीकडच्या मॉलने गिऱ्हाईक ओढलं, मुलीच्या कॉलेजची फी भरायचीय. सगळं खरं असतं. बोर्डावरची माणसंही मान डोलावतात, कारण तीही गावातलीच असतात. पण सी-वनच्या तराजूत या सगळ्याचं वजन शून्य. फ्रँचाइझीची कंपनी ठरावीक मापाचीच पाटी लावायला लावते, ही जागेची अडचण नव्हे. साइनवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम तर मुळीच नव्हे. ती आपणच ओढवून घेतलेली, आणि स्वतः ओढवून घेतलेल्या अडचणीवर ही सूट मिळत नाही.

मग कोणती अडचण चालते? समजा, दुकान एका जुन्या बँकेच्या दगडी इमारतीत आहे. नियम म्हणतो, पाटी दारावरच्या आडव्या पट्टीतच बसवा. पण या इमारतीला तशी पट्टीच नाही. दारावर कोरीव कमान आणि तिला लागून वरच्या मजल्याच्या खिडक्या. पाटी लावायचीच तर ठरलेल्या उंचीच्या वर लावावी लागणार. किंवा दोन्ही बाजूंच्या इमारती पार पदपथापर्यंत पुढे आलेल्या आणि मधली तुमची वीस फूट मागे, त्यामुळे नियमातल्या मापाची पाटी दारासमोर येईपर्यंत दिसतच नाही. मी अशा वेळी एक साधी परीक्षा करतो. दुकानदाराला चित्रातून काढून टाकायचं आणि त्याच्या जागी मिठाईवाल्याऐवजी न्हावी, न्हाव्याऐवजी चष्मेवाला बसवून बघायचं. अडचण तशीच राहिली तर ती जागेची. बदलली तर ती आपली.

मात्र अडचण म्हणजे जागा निरुपयोगी होण्याइतकी टोकाचीच हवी, असंही नाही. नॉर्थ काल्डवेलमधल्या एका अरुंद प्लॉटवर पोहण्याचा तलाव बांधायचा होता, त्या खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये ते स्पष्ट केलं. तलावाशिवायही घर वापरता येतच होतं. तरी प्लॉटच्या अरुंदपणामुळे होणारा जाच पुरेसा ठरला.

सी-टूमध्ये अडचण लागतच नाही. ही वाट कायद्यात नंतर आली आणि तिचा विचारच उलट्या टोकापासून सुरू होतो. नियम मोडल्याने या कायद्याचेच हेतू पुढे जातात का, आणि सूट दिल्याचा फायदा तोट्यापेक्षा ठळकपणे जास्त आहे का, एवढंच बोर्ड बघतं. फायदा कुणाचा, हा इथला कळीचा प्रश्न. कॉफमन विरुद्ध वॉरन टाउनशिप प्लॅनिंग बोर्ड या १९८८ च्या निकालात कोर्टाने तो निकालात काढला: फक्त मालकाचं भलं होत असेल तर सी-टू देऊ नये. सूट दिल्याने त्या जागेचं नियोजन नियमापेक्षा चांगलं व्हायला हवं आणि ते चांगलेपण गावाच्या पदरात पडायला हवं. मालकाचाही फायदा झाला तर हरकत नाही. तो जोडीने आलेला असावा, एवढंच.

म्हणजे एकीकडे जागा माणसाला छळते आणि दुसरीकडे जागा गावाला एक संधी देते. सी-वनमध्ये बोर्डाला सांगायचं, ‘नियम इथे बसत नाही.’ सी-टूमध्ये सांगायचं, ‘नियम बसतो, पण त्याहून बरं काही करता येईल.’ ही दोन वाक्यं एका दमात बोलली की एकमेकांना खातात, हे लक्षात येतंय ना? एकाच अर्जात दोन्ही वाटा मांडता येतात, पण पर्याय म्हणून, आणि पुरावा सुटा सुटा ठेवून.

पाटीच्या बाबतीत सी-टू कसा दिसतो ते पाहू, कारण माझ्या मते दिव्यांच्या पाट्यांना बहुतेक वेळा हीच वाट जास्त जुळते. त्यासाठी आधी दिव्यांचे प्रकार माहीत हवेत. पहिली पेटी: पुढे प्लास्टिकचा पत्रा, आत ट्यूब किंवा एलईडी. रात्री अक्षरांसकट सगळी पार्श्वभूमी पेटते. जुन्या डाउनटाउनचे नियम बहुधा हिच्यावरच राग धरून असतात. दुसरी चॅनल लेटर, म्हणजे प्रत्येक अक्षर सुटं आणि आतून उजळणारं. तिसऱ्या प्रकारात अक्षर अपारदर्शक आणि त्याच्या पाठीमागून भिंतीवर प्रकाशाची कड पडते. याला इथे हेलो म्हणतात. चौथा साधा, भिंतीतून बगळ्याच्या मानेसारखी वाकलेली नळी आणि तिच्या टोकाला पाटीवर रोखलेला दिवा. गावाचे नियम बहुधा ‘आतून’ आणि ‘बाहेरून’ असे दोनच कप्पे करतात. हेलो कोणत्या कप्प्यात टाकायचा यावर झोनिंग ऑफिसर आणि अर्जदार यांची पहिली झटापट होते.

आता समजा, दुकानावर आधीच्या मालकाची जुनी प्लास्टिकची पेटी आहे. ती नियम होण्याआधीपासून तिथे असेल तर तिला कायद्याचं संरक्षण आहे, गाव ती उगाच उतरवायला लावू शकत नाही. नवा दुकानदार म्हणतो, ही पेटी मी काढतो. समोर हेलोची अक्षरं लावतो, जुन्या पेटीपेक्षा कमी क्षेत्रफळाची. आणि मागे, नगरपालिकेच्या पार्किंगकडे उघडणाऱ्या दारावर, एक छोटी पाटी लावतो. नियमाने पाटी एकच चालते आणि तीही बाहेरून उजळलेली, म्हणजे दोन बाबतींत सूट लागणार. पण फायदा मोजा. डोळ्यावर येणारी पेटी गेली. मागच्या पाटीमुळे गाड्या थेट पार्किंगमध्ये वळतील, मुख्य रस्त्यावर दुकान शोधत रेंगाळणार नाहीत. कायद्याच्या हेतूंच्या यादीत रहदारी सुरळीत ठेवणंही आहे आणि डोळ्यांना सुखावणारा परिसर घडवणंही आहे. प्लॅनर या दोन हेतूंवर बोट ठेवून शपथेवर साक्ष देतो. दुकानदाराने कर्जाचा उल्लेखही केलेला नाही, आणि तेच बरं.

‘शेजाऱ्याला दिलीत की!’ हा युक्तिवाद दोन्ही वाटांवर लंगडाच. प्रत्येक अर्ज त्याच्या त्याच्या जागेवर तोलला जातो. शेजाऱ्याला मिळालेली सूट हा तुमचा हक्क होत नाही.

दोन्ही वाटांना एक फाटक मात्र सामाईक आहे. सूट दिल्यामुळे लोकहिताला मोठी बाधा येऊ नये आणि गावाच्या झोनिंगच्या मूळ हेतूला मोठा धक्का लागू नये. दिव्यांच्या पाटीचा खरा कस इथेच लागतो. दुकानाच्या वर राहणाऱ्या बाई उठून विचारतात, रात्री किती वाजेपर्यंत चालू राहणार? माझ्या बेडरूमच्या छतावर उजेड पडतो का? याचं उत्तर तयार असलेला अर्जदार अर्धी लढाई जिंकतो: टायमर लावू, दुकान बंद झाल्यावर अर्ध्या तासात दिवा बंद, उजेड कमी-जास्त करायची सोय ठेवू. बोर्ड या गोष्टी ठरावात अटी म्हणून घालतं. पाटीवर काय लिहिलंय हा मात्र बोर्डाचा विषय नव्हे. अॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावाने एका चर्चच्या वाट दाखवणाऱ्या पाट्यांना राजकीय पाट्यांहून कडक नियम लावले होते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. तेव्हा अक्षरं देवनागरी आहेत म्हणून बिचकायचं कारण नाही. माप, जागा आणि उजेड, यांचीच तयारी करा.

‘डी’ नावाचा तिसरा प्राणी इथे ओझरता सांगून ठेवतो. तुमच्या भिंतीवर तुमच्या दुकानाची पाटी हा ‘सी’चा विषय. त्याच भिंतीवर दुसऱ्याच कुणाच्या धंद्याची जाहिरात लावून भाडं कमवायचं ठरवलंत आणि त्या भागात अशा जाहिरातफलकांना परवानगीच नसेल, तर तो जागेच्या वापराचाच प्रश्न होतो. त्याला सातजणांच्या झोनिंग बोर्डात किमान पाच मतं लागतात. ‘सी’ला हजर सदस्यांचं साधं बहुमत पुरतं. अर्थात फलकांच्या बाबतीत गावंही मनमानी करू शकत नाहीत. फ्रँकलिन टाउनशिपने साधे फलक चालू ठेवून डिजिटल फलकांवर सरसकट बंदी घातली होती, ती राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये उडवली.

मुंबई-पुण्याहून आलेल्यांना यातलं काय ओळखीचं वाटेल? तिकडच्या विकास नियंत्रण नियमावलीतही ‘स्पष्टपणे दाखवता येणारी अडचण’ असेल तर आयुक्तांना विशेष परवानगीने नियम शिथिल करता येतो. फरक असा की तिकडे तो अधिकार साहेबांच्या टेबलावर आहे, इकडे गावासमोर भरलेल्या सुनावणीत. दिव्याचं महत्त्व मात्र दोन्हीकडे. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३२८-अ मध्ये आपल्याच दुकानावरच्या, आपल्याच धंद्याच्या साध्या पाटीला आयुक्तांच्या परवानगीतून सूट आहे. पाटी दिव्यांनी उजळली की ती सूट संपते.

आता वेळापत्रक, कारण भाडं त्यावर चालू असतं. अर्ज पूर्ण आहे की नाही हे गावाने ४५ दिवसांत सांगायचं, पूर्ण ठरल्यापासून १२० दिवसांत बोर्डाने निर्णय द्यायचा. सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्तांच्या मालकांना नोटीस द्यायची आणि ती जाहीरपणे प्रसिद्धही करायची. नोटिशीत चूक निघाली तर त्या रात्री सुनावणी होतच नाही, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय; सगळे येतात आणि पुढची तारीख घेऊन घरी जातात. धंदा एलएलसी किंवा कंपनीच्या नावावर असेल तर वकील लागतोच. मंजुरीनंतर निर्णयाची सूचना जाहीरपणे प्रसिद्ध झाली की कोर्टात आव्हान द्यायला ४५ दिवसांची मुदत असते. ती संपायच्या आत पाटी टांगलीत तर ती स्वतःच्या जोखमीवर.

व्हेरियन्स अर्जदाराच्या नावाने मिळत नाही, तो जागेला चिकटतो. दुकानदार बदलला तरी सूट तिथेच राहते, अटींसकट. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी बोर्डाच्या सेक्रेटरीकडे त्या ब्लॉक आणि लॉट क्रमांकाचे जुने ठराव मागा. तुम्हाला हवी असलेली सूट दहा वर्षांपूर्वीच्या चष्मेवाल्याने मिळवून ठेवली असेल. किंवा रात्री नऊला दिवा बंद करण्याची अट त्याने कबूल केलेली असेल, आणि तुमचं रेस्टॉरंट अकरापर्यंत चालणार असेल.