पेअरिंग झालं, तरी ठिपके का उठत नाहीत?

ब्रेल डिस्प्ले म्हणजे पडद्यावरचा मजकूर उठावदार ठिपक्यांत दाखवणारी पट्टी. संगणकाच्या ब्लूटूथ यादीत तिच्या नावापुढे ‘पेअर्ड’ असं येतं, बॅटरी भरलेली असते, तरी बोटांखालची पट्टी सपाटच राहते. यंत्र बिघडलं असं वाटणं साहजिक आहे, पण बऱ्याचदा ते धडधाकट असतं. पेअरिंगने दोन यंत्रांची फक्त ओळख होते. मजकूर बोटांपर्यंत पोचवणं हे वेगळं काम आहे आणि ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणारा प्रोग्राम, करतो.

डिस्प्लेवर एका ओळीत सहसा 14, 20, 40 किंवा 80 सेल, म्हणजे ठिपक्यांची ब्रेल घरं, असतात. लुई ब्रेल यांनी 1829 मध्ये प्रसिद्ध केलेली लिपी 6 ठिपक्यांची. संगणकासाठी त्यात खाली आणखी 2 ठिपके आले आणि एका सेलमध्ये 256 रचना शक्य झाल्या. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बारीक पिन आणि तिला उचलणारी पिझोइलेक्ट्रिक पट्टी. सुमारे 200 व्होल्टचा दाब मिळाला की ही पट्टी किंचित वाकते आणि पिन वर येते. विजेचा प्रवाह मात्र अगदी नगण्य लागतो, म्हणून हा सगळा खटाटोप छोट्या बॅटरीवर तासन् तास चालतो. 40 सेलच्या पट्टीत अशा 320 पिना असतात. इतकी नाजूक रचना रोज बोटांखाली घासली जाऊनही टिकते, याचं मला फार कौतुक वाटतं.

256 रचना म्हणजे बरोबर 1 बाइट. 40 सेलची अख्खी ओळ 40 बाइटांत मावते. ब्लूटूथला हे ओझं काहीच नाही, त्यामुळे अडचण वेगाची नसते.

पेअरिंगमध्ये दोन्ही यंत्रं एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्या स्मृतीत जपून ठेवतात. एका बाजूची किल्ली पुसली गेली, तर दुसऱ्या बाजूचीही नोंद काढून पेअरिंग नव्याने करावं लागतं. खरी गुंतागुंत यानंतर सुरू होते. अनेक डिस्प्ले ब्लूटूथवरून जुन्या सिरियल पोर्टचं, म्हणजे केबलने यंत्रं जोडायच्या जुन्या जागेचं, सोंग घेतात. विंडोज त्यांच्यासाठी एक काल्पनिक पोर्ट तयार करतं, पण एखादा प्रोग्राम तो उघडेपर्यंत पलीकडे काहीच जात नाही. तो उघडायचा एनव्हीडीए किंवा जॉजसारख्या स्क्रीन रीडरने. शिवाय एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. दोन स्क्रीन रीडर एकदम चालू असतील, तर एकाला रिकाम्या हाताने परतावं लागतं.

पोर्ट उघडला तरी पलीकडच्या यंत्राशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, हे ठाऊक हवं. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी, म्हणून ती पद्धत जाणणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरही, निराळा. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, जोडला की चालतो; ब्रेल डिस्प्लेला ही सोय फार उशिरा मिळाली. यूएसबीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये ब्रेल डिस्प्लेसाठी सामाईक एचआयडी (कीबोर्ड, माउससारख्या उपकरणांसाठीचं) मानक जाहीर केलं. ब्लूटूथवरही ते वापरता येतं. नवीन डिस्प्ले घेताना हे मानक आहे का, हे मी सगळ्यात आधी विचारेन.

ठिपके उठले, पण अर्थ लागत नाही, असं झालं तर दोष बहुधा लिप्यंतराच्या तक्त्याचा, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणते ठिपके हे ठरवणाऱ्या यादीचा, असतो. मराठी मजकुराला इंग्रजीचा तक्ता लावला, तर बोटांना नुसता गोंधळ जाणवतो. स्क्रीन रीडरच्या ब्रेल सेटिंगमध्ये तक्ता बदलता येतो.

ऐकू येणाऱ्या अंध व्यक्तीला ही सगळी जुळवाजुळव आवाजाच्या आधाराने करता येते. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी ब्रेल हाच पडदा, आणि पेअरिंगचा संदेश वाचायला तोच आधी चालू हवा. अशा वेळी डिस्प्लेला यूएसबी जोडणी असेल, तर सुरुवात केबलनेच करावी. ठिपके उठू लागले की ब्लूटूथचं पेअरिंग, पिन क्रमांकासकट, ब्रेलमध्ये वाचत पूर्ण करता येतं. केबल त्यानंतर काढावी.