पार्श्वभूमी : हजार पौंडांचा आल्फ कॉमन

दर उन्हाळ्यात युरोपात ट्रान्सफरचा मोसम सुरू झाला, की ‘अमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला’ असे मथळे झळकतात आणि कुणीतरी आल्फ कॉमनची आठवण काढतं. फेब्रुवारी १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो क्लबने या फॉरवर्डसाठी संडरलंड क्लबला १,००० पौंड मोजले. चार आकडी रकमेचा तो पहिला फुटबॉलपटू. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ आहे तो ‘विकला’ या क्रियापदात.

विकला गेला तो एक कागद. इंग्लिश लीगमध्ये १८९३ पासून व्यावसायिक खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात असे आणि करार संपला तरी ती सुटत नसे. आपल्याकडचा सालगडी निदान पाडव्याला मालक बदलतो. तिथल्या फुटबॉलपटूला मोसम संपल्यावर तेवढीही मोकळीक नव्हती. क्लबने त्याला ‘राखून’ ठेवला, की पगार न देताही त्याची दुसऱ्या लीग क्लबकडची वाट अडवता येई. ही नोंदणी सोडायला दुसरा क्लब पहिल्याला जी रक्कम देई, ती ट्रान्सफर फी. खेळाडूचा पगार हा पूर्ण वेगळा हिशेब, आणि त्यावर १९०१ पासून आठवड्याला कमाल ४ पौंडांचं झाकण होतं. हजाराला चाराने भागा. अडीचशे आठवडे होतात. म्हणजे जवळजवळ पाच वर्षांचा पगार एका सहीसरशी या क्लबकडून त्या क्लबकडे गेला आणि ज्याच्या नावावर गेला तो गडी, निदान कागदोपत्री, चार पौंडांचाच राहिला.

कॉमनचा जन्म १८८० चा, संडरलंडचाच. भरलेल्या अंगाचा, धडक मारून गोलपर्यंत पोचणारा. संडरलंडने १९०१ मध्ये त्याला ३२५ पौंडांना शेफील्ड युनायटेडकडे सोडला. तिथे १९०२ च्या एफए कपच्या (इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा) अंतिम सामन्यात त्याने गोल केला, तो सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात शेफील्डने कप उचलला. पुढे तो इंग्लंडकडूनही खेळला. १९०४ च्या उन्हाळ्यात तो ५२० पौंडांना माघारी संडरलंडला आला. वर्ष उलटायच्या आत शेजारच्या, पारंपरिक वैरी असलेल्या मिडल्सब्रोचे हजार पौंड आले आणि संडरलंडने हिशेबाला हिशेब मानला.

मिडल्सब्रोला घाई होती. नवं मैदान बांधून झालं होतं, पहिला डिव्हिजन, म्हणजे लीगची सर्वांत वरची श्रेणी, हातचा जायची वेळ आली होती, आणि बाहेरगावी जाऊन सामना जिंकल्याला जवळजवळ दोन वर्षं होत आली होती. कॉमनचा पहिला सामना नेमका शेफील्डला, त्याच्या जुन्या संघाविरुद्ध. पेनल्टी मिळाली, ती त्यानेच घेतली, १-० ने सामना जिंकला. मोसमाअखेर मिडल्सब्रो तगला. गंमत अशी, की त्याच उन्हाळ्यात डिव्हिजन १८ संघांवरून २० चा झाला आणि तळाच्या दोघांनाही ठेवून घेतलं. म्हणजे हजार पौंड मोजले नसते तरी कुणी खाली ढकलणार नव्हतं!

वर्तमानपत्रांनी मात्र झोड उठवली. खेळाडूंची तुलना शर्यतीच्या घोड्यांच्या बाजाराशी झाली. (आपल्याकडे घोडेबाजार हा शब्द आमदारांसाठी राखीव आहे, तिथे तो फुटबॉलपटूंना लागला.) खेळाच्या नियामक मंडळाने यावर जो इलाज काढला तो मला आजही अजब वाटतो. माणूस बाजारात उभा राहतो याची लाज वाटत होती, तर त्याला मोकळं करायचं. ते राहिलं बाजूला आणि कागदाच्या भावावर मर्यादा आली : जानेवारी १९०८ पासून कोणत्याही खेळाडूसाठी ३५० पौंडांहून जास्त द्यायचे नाहीत. क्लबांनी पळवाट लगेच शोधली. हवा तो खेळाडू ३५० ला घ्यायचा आणि सोबत एखादा नको असलेला खेळाडूही ३५० ला. भाजीवाली वर कोथिंबिरीची काडी फुकट टाकते. इथे कोथिंबिरीलाही भाजीचाच भाव. चारेक महिन्यांत मंडळाने नियम गुंडाळला. पगाराची मर्यादा मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती क्लबांच्याच सोयीची होती.

ती मर्यादा क्लबच मोडत होते, ही दुसरी बाजू. याच काळात मिडल्सब्रोच्या वह्या तपासल्या गेल्या, तेव्हा खेळाडूंना चोरून दिलेले बोनस सापडले. क्लबला दंड झाला, बहुतेक संचालकांवर बंदी आली. डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरला खेळाडूंची संघटना उभी राहिली, तिच्या मागण्यांत पगाराची मर्यादा आणि नोंदणीचा हा पाश दोन्ही होते.

पुढचं सगळं वेगाने येतं असं वाटतं, पण तारखा बघा. १९२८ मध्ये भाव १०,००० पौंडांच्या वर गेला. पगाराची मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये उठली. तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. राखून ठेवण्याची पद्धत म्हणजे खेळाडूच्या व्यवसायावर गैरवाजवी निर्बंध, असं न्यायालयाने म्हणायला १९६३ उजाडलं. पहिला दहा लाख पौंडांचा ब्रिटिश खेळाडू १९७९ चा. आणि करार संपल्यावर फी न भरता क्लब बदलण्याचा हक्क युरोपीय न्यायालयाने दिला तो डिसेंबर १९९५ मध्ये.

कॉमनचा कागद मधल्या काळात आणखी दोनदा फिरला. १९१० मध्ये वुलिच आर्सेनलने त्याच्यासाठी १०० पौंड दिले, १९१२ मध्ये प्रेस्टनने २५०. प्रेस्टनबरोबर त्याने दुसरा डिव्हिजन जिंकला आणि १९१४ मध्ये बूट काढले. नंतर डार्लिंग्टनला त्याने बरीच वर्षं पब चालवला. १९४६ मध्ये तो वारला, तेव्हा पगाराची मर्यादाही होती आणि राखून ठेवण्याचा नियमही.