सुई टोचल्याने गाठ पसरते?

आमच्या शेजारच्या मामांच्या खांद्यावर पाच-सहा वर्षं एक गाठ होती, तांबूस-तपकिरी, रबरासारखी टणक, हलवली की वरची कातडीही सोबत हलायची. दुखत नव्हती, म्हणून मामा यंत्रमागावर जातच राहिले. मग एका ठिकाणी चरबीची गाठ म्हणून काढली, तपासायला पाठवलीच नाही, आणि दोन वर्षांत त्याच जागी परत आली. आता बायोप्सी, म्हणजे तपासायला गाठीचा छोटा तुकडा घेणं, म्हटलं की घरचे म्हणतात, सुई लावू नका, पसरेल! सोलापुरात हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

डॉक्टरांना संशय आहे डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्सचा, थोडक्यात डीएफएसपी. कातडीच्या खोल थरातला दुर्मिळ कॅन्सर, अमेरिकेत दर 10 लाख लोकांत वर्षाला साधारण 4 जणांना होतो. लांब पसरणं क्वचितच, पण आजूबाजूला मुळ्या सोडतो, वरून दिसते त्याच्यापेक्षा गाठ आत कितीतरी मोठी असते.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. 17व्या गुणसूत्रावर कोलॅजनचा, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या प्रोटीनचा, जीन असतो, कातडीच्या पेशीत तो कायम चालू, कारण कोलॅजन सतत लागतं. 22व्यावर पीडीजीएफबी, पेशींना 'वाढा' सांगणाऱ्या प्रोटीनचा जीन, त्याला एरवी लगाम असतो. एखाद्या पेशीत ही दोन गुणसूत्रं तुटून चुकीची जोडली जातात आणि 'वाढा'वाला जीन कोलॅजनच्या चालू बटणाला लागतो. मग पेशी ते प्रोटीन बनवून बाहेर सोडते, ते तिच्याच अंगावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, म्हणजे स्वतःच हुकूम देते आणि स्वतःच पाळते! हे आईवडिलांकडून येत नाही, जन्मानंतर त्या एका पेशीत घडतं. फिश टेस्टमध्ये, म्हणजे जीनला चमकत्या खुणा लावून बघायच्या तपासणीत, ही जोडणी दिसते. इमॅटिनिब नावाची गोळी त्याच रिसेप्टरचं काम थांबवते, अमेरिकेत 2006 पासून मान्यता आहे, पण ते ऑपरेशन शक्य नसेल किंवा पसरला असेल तेव्हा, सगळ्यांसाठी जादूची गोळी नाही.

मुख्य उपाय ऑपरेशनच, कडेची 2 ते 4 सेंटिमीटर चांगली कातडीही घेऊन, नाहीतर मोह्ज पद्धतीने थर थर काढत मायक्रोस्कोपखाली कडा बघत. म्हणून पहिल्यांदा चाकू लावण्याआधीच नाव कळायला हवं. बायोप्सीने हा पसरत नाही, अर्धवट काढल्याने मात्र परत येतो. लेप लावून, दोरा बांधून ती जोडणी सुटत नाही हो.

मामा शेवटी तयार झाले. मंगळवारी तुकडा घेतला, मायक्रोस्कोपखाली पेशी चटईच्या विणीसारख्या गोल फिरलेल्या दिसल्या, सीडी34, म्हणजे या कॅन्सरच्या पेशींवर बहुतेक वेळा सापडणारी प्रोटीनची खूण, पॉझिटिव्ह. आता एमआरआय, मग ऑपरेशनची तारीख.